बटण

भिंतीची जाडीसुद्धा लिहून घेता? घ्या, घ्या — नीट मोजा, मला कसली घाई. माझा अख्खा जन्म जाडी मोजण्यात गेला. भिंतींची नव्हे हो, जमिनीखालच्या चुनखडीची. तेल शोधायचो आम्ही. एजंटाने सांगितलं नाही तुम्हाला? त्याला काय, घर विकलं की तो सुटला. — तो टेबलावरचा नकाशा राहू दे तसाच. जेवायला मला एक कोपरा पुरतो, एकच तर ताट.

या, बघा तरी. हे ठिपके म्हणजे विहिरी — पाण्याच्या नाहीत, तेलासाठी खणलेल्या. कुठे चुनखडीचा थर किती जाड लागला तो आकडा शेजारी, आणि सारख्या जाडीच्या जागा रेघेने जोडायच्या. जिथे थर फुगतो तिथे कधीकाळी समुद्रात प्रवाळांनी ढीग रचलेला असतो, त्याच्या भोकाभोकांत तेल दडलेलं असू शकतं. असू शकतं म्हणतोय हं — दगड ठोस निघाला की मुसळ केरात. पण नवी मंडळी काय करायची, एका विहिरीत थर जाड लागला की तिच्याभोवती गोल रेघ मारून मोकळी. झाला साठा. त्याला आम्ही बटण शिवणं म्हणायचो. मी विचारायचो, 'बटण झकास शिवलंत, पण शर्ट कुठाय?' शेजारी दुसरी विहीर नसेल तर रेघ तुटक काढायची. तुटक म्हणजे, आम्हाला ठाऊक नाही.

ही मुलीची खोली, हीही मोजा. तिच्याकडेच जाणारेय मी राहायला, म्हणून तर हे विकायला काढलं. बायको गेल्यापासून एकटं वाटतं हो, लपवायचं काय त्यात. रेडिओ मी मुद्दाम पलीकडच्या खोलीत लावतो — म्हणजे तिकडे कोणीतरी बोलतंय असं वाटतं. मुलगी म्हणालीच ना, 'या की बाबा, खोली रिकामीच आहे.' — कधी म्हणजे? मागे, फोनवर. तिला कामावर निघायचं होतं, किल्ली सापडत नव्हती, त्या गडबडीत म्हणाली. — नंतर? नंतर तो विषय निघाला नाही. मीही काढला नाही. — छे, घर विकतोय हे तिला कुठे माहीत आहे. सगळे कागद झाले की सांगेन. आपलं म्हणायला घरच उरलं नाही, तर मग ती नाही कशी म्हणेल —

असं बघू नका माझ्याकडे.

हो. बटणच आहे ते. दिसलं मलाही.

टेप गुंडाळा तुमची. एजंटाला सांगा, म्हातारा घरी नव्हता. मला एक फोन करायचाय — विचारायचंय तिला, नुसतं विचारायचं. नाही, तुम्ही थांबू नका. ती काय म्हणते ते ऐकायला दुसरं कोणी नको. जाताना दार ओढून घ्या, जरा जोर लावावा लागतो.