गुडघे टेकले कशाला?

चर्चच्या दवाखान्यात हात भाजलेला एक वेल्डर रांगेत ताटकळत बसला होता. त्याच्या पुढचा म्हातारा काही केल्या पाय दाखवीना आणि ड्रेसिंग करणारी नन काही केल्या हटेना.

"काका, जखम चिघळलीय. आज साफ नाही केली तर बोट जाईल."

"जाऊ दे! आधी सांगा, नंतर प्रार्थना म्हणायला लावणार ना?"

"नाही."

"मग गुडघे कशाला टेकलेत? सुरूच केलीत की!"

"पाय खाली आहे, काका. डोक्यावर असता तर उभी राहिले असते."

वेल्डरला हसू फुटलं. म्हाताऱ्यानं त्याच्यावर डोळे वटारले आणि मुकाट्यानं पाय पुढे सरकवला.

"तुमच्या देवाला सांगून ठेवा, मी काही कबूल केलेलं नाही."

"सांगते. तुम्ही तेवढा पाय हलवू नका."