सखोबा गुरवाच्या पाठीमागचं ऊन

मंडळी, ऐका! आज एकच सवाल. दहा कामं करणारा मोठा, की एकच काम जीव ओतून करणारा? — मागच्या बायांनो, चहाचं नंतर बघू, आधी ऐका!

आंबेखोल गावात देवीचं देऊळ. वर्षात एकच संध्याकाळ अशी येते, की मावळतीचं ऊन दारातून शिरतं आणि थेट देवीच्या मुखावर! किती वेळ? पान लावून होईस्तोवर! कुणाची सावली आड येऊ नये म्हणून गुरवानं उंबऱ्यावर हात पसरून बसायचं. तोंड लोकांकडं, पाठ देवीकडं. मागं वळायचं नाही! सखोबा गुरव चाळीस वर्षं असा बसला. सारं गाव ते ऊन बघतं — आणि रोज पूजा करणाऱ्यानंच पाहिलं नाही!

त्यात काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत नजर जाणार. सून शेवंतानं ठरवलं, मामंजींना ते ऊन दाखवायचंच!

गावात मोबाईल काय कमी? पण लोक उभे पार मंडपाच्या टोकाला. तिथून फोटो ताणला की देवी कसली, बेसनाचा लाडू! शेवंतानं माहेरचा जुना कॅमेरा काढला. मुठीत मावेल एवढा!

सरपंचांचा प्रल्हाद हसला. "वहिनी, ही तपकिरीची डबी कशाला? माझ्या मोबाईलला तीन डोळे आहेत!"

"असू देत भावजी. हिला एकच आहे, पण लांबचं दिसतं."

ऊन आलं! शेवंतानं कॅमेरा खांबाला टेकवला, कळ दाबली — भिंग निघालं की बाहेर! नुसतं चित्र ताणत नाही हो, भिंगच पुढं सरकतं! इतकं सरकलं, इतकं सरकलं, की धक्क्यानं पुढं उभ्या भिकूतात्यांचं पागोटं पडलं! — बरं, थोडं वाढवलं मी. थोडंच!

तिकडं प्रल्हाद बोट टेकवणार, तोच भाचीचा व्हिडिओ कॉल! देवीच्या जागी भाचीचं नाक! नाक हटेस्तोवर ऊन गेलं. आणि कॅमेऱ्याला? ना भाची, ना मेव्हणा, ना कुणाचं 'शुभ संध्याकाळ'! शेवंतानं श्वास धरला — टिक्!

सखोबांनी तो छोटा पडदा डोळ्याला अगदी चिकटवला.

"मामंजी, दिसतंय ना?"

"दिसतंय गं! नथीचा मोतीसुद्धा! आणि हा खाली कोण बसलाय, हात पसरून?"

"तुम्हीच की!"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून धारा! "चाळीस वर्षं मला एकच खंत गं, की अशा घडीला मी तिच्याकडं पाठ करून बसतो. अगं, पण ही तर माझ्याकडंच बघतेय!"

मंडळी, मोबाईल वाईट नाही. तो फोटो गावभर पोचवला मोबाईलनंच. पण टिपला कुणी? ज्याला त्या घडीला दुसरं काहीच करायचं नव्हतं त्यानं! आणि आपण? देवापुढं बसतो आणि कुकरच्या शिट्ट्या मोजतो! ती बघतेय हो आपल्याकडं, आपलंच लक्ष नाही! तेव्हा हातातलं सगळं खाली ठेवा. सगळं! एक घडी, एकच काम. जोडा हात — आणि म्हणा माझ्यासंगं, जय जगदंब!