पांढरा पडदा आणि तिसरी घंटा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाई, आणि एकही खुर्ची रिकामी न ठेवणाऱ्या रसिकहो!

हे शेवटचे शब्द उच्चारताना मला गुदगुल्या होताहेत. कारण बाईंच्या निरोपाचा आजचा प्रयोग बाई, मी आणि छताचे पंखे एवढ्यांसमोरच होणार, अशी चिन्हं मागच्या रविवारी सकाळी दिसत होती.

तिकीटखिडकीची दुरुस्ती चालू, म्हणून सगळी विक्री आपल्या संकेतस्थळावरून. ते मी उभारलं. कुठल्याही वर्गाची पायरी न चढता, स्वतः शिकून. (अध्यक्षांना ठाऊक आहे, दर भेटीत सांगतोच.) विक्री सुरू झाली आणि कार्यालयातला फोन कोकलू लागला. एक गृहस्थ कडाडले, "अहो, नाटक आहे की कोरा कागद? पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही!"

बाई दारात उभ्या. "भाऊ, मला काय रिकाम्या खुर्च्यांनी निरोप द्यायचा?"

"बाई, माझ्या संगणकावर सगळं झकास दिसतंय."

"मग प्रेक्षकांना तुमच्या मांडीवर बसवा!"

आता सांगा, अशा वेळी माणूस काय करतो? उतावळा माणूस बटणं बडवतो. मी नाही बडवली. आधी सर्व्हर शुद्धीवर आहे ना, ते पाहिलं, होता. मग आदल्या दिवशी चढवलेलं बाईंचं छायाचित्र उतरवलं. पांढरं ते पांढरंच. "माझा चेहरा काढून काय मिळवलंत?" बाई म्हणाल्या. प्रकाशयोजनेचे काका म्हणाले, "दिवा लावून बघा." त्यांच्याकडे मी दुर्लक्ष केलं, आजही करतो आहे.

शेवटी बाईंचा फोन घेतला, चष्मा कपाळावर ढकलला, ते पान नाकाशी नेलं, आणि मंडळी, मला त्यात चुण्या दिसल्या! फिकट, करड्या, उभ्या चुण्या. एकेक करून मीच रेखाटलेल्या; ओळखणार नाही? संकेतस्थळ बंद पडलंच नव्हतं. पडदा उठला नव्हता!

बाईंचा दंडक तुम्ही जाणता: तिसऱ्या घंटेशिवाय या वास्तूत पडदा उठत नाही, मंत्री का येईनात. संकेतस्थळालाही त्यांनी तोच नियम लावला होता. आधी पडदा, मग तीन घंटा, मग बाकीचं. पडदा पांढरा, कारण मखमलीची लाल छटा मी किती वेळा बदलली तरी बाई म्हणत, "ही आपली नव्हे." आणि फोनांना नुकताच नवा शिष्टाचार शिकवला गेला होता: माणसाने बोट लावल्याशिवाय कुठल्याही पानाने आवाज करायचा नाही. घंटा वाजेना, आणि पडदा बिचारा शिस्तीचा, वाट बघत उभा! माझ्या संगणकाला माझ्या घंटांची सवय, म्हणून तो तेवढा वाजू देत होता.

"घंटा काढून टाकतो," मी म्हणालो.

"घंटेशिवाय पडदा? मी इथे असेपर्यंत?"

"बाई, तुम्ही शनिवारपर्यंतच आहात."

"तोपर्यंतचंच म्हणतेय!"

विक्री खोळंबलेली, बाई अडून बसलेल्या. आणि मला सुचलं. उगाच विनय कशाला, फारच छान सुचलं. पडद्यावर एक पितळी बटण काढलं आणि खाली लिहिलं, 'घंटा द्या'. बोट लागलं की आवाजाला मुभा, तिन्ही घंटा खणखणीत, आणि पडदा वर! बाईंनी बोट टेकवलं. ऐकलं. पान बंद करून पुन्हा उघडलं, पुन्हा घंटा दिली. मग आणखी एकदा. काका म्हणाले, "बाई, आता लोकांनाही वाजवू द्या."

जेवणाच्या सुट्टीआधी सगळी तिकिटं संपली. म्हणजे रसिकहो, बाईंसाठी घंटा दिल्यावाचून तुमच्यापैकी कुणाच्याही हाती तिकीट पडलेलं नाही. असा निरोप कुठल्या व्यवस्थापकाला मिळाला असेल?

अध्यक्ष महोदय, बोलू दिलंत, ऋणी आहे. माझीच स्तुती जरा जास्त झाली असेल, तर ती खरी आहे एवढं लक्षात घेऊन पोटात घाला. माझ्यामागे पडदा अजून खालीच आहे. दोन घंटा मघाशीच झाल्या. विंगेतल्या घंटेच्या बटणाशी मुद्दाम कुणालाही उभं केलेलं नाही.

बाई, तिसरी तुम्ही द्या.