वहिनीला लावलेला शब्द

नणंद : …आणि तो प्रश्न कोराच राहिला. ‘कानाला टोचणारा आवाज : एका शब्दात सांगा.’ कालच्या सराव-परीक्षेत. तुझ्यामुळे.

वहिनी : माझ्यामुळे? आठ दिवस मी तोंडातून सूर काढलेला नाही, वन्सं.

नणंद : तेच तर! तू ओट्याशी गायला लागलीस की शब्द आपसूक यायचा. आणि हे ‘वन्सं’ बंद कर.

वहिनी : का? तुमच्या वहीत वाचलं ना मी. शब्द, पुढे ‘वहिनीचं गाणं’, खाली दोन रेघा.

नणंद : अगं, पाठांतराची युक्ती आहे ती. प्रत्येक शब्दाला घरातलं एकेक माणूस लावायचं. ‘कृपण’ला काका, ‘वाचाळ’ला मावशी. ते रागावलेत का?

वहिनी : त्यांच्या हाती वही कुठे लागलीय! माझा शब्द काढा. तुमच्या दादाचं घोरणं लावा तिथे.

नणंद : दादा ‘गडगडाट’ला लागलाय.

वहिनी : सासूबाईंच्या हाका?

नणंद : ‘आर्त’.

वहिनी : वा! सगळे मार्गी लागले, उरले मी.

नणंद : वहिनी, दहाला पेपर आहे. मुद्रितशोधकाची परीक्षा, तिसरी खेप. पुढच्या वर्षी वय उलटतं. मग जन्मभर काकांच्या दुकानात खोकी चिकटवायची.

वहिनी : मग शब्दच सांगते की. क…

नणंद : नको! सांगितलेला शब्द हॉलच्या दारातच निसटतो. गेल्या दोन्ही वेळी तेच झालं. कानात बसलेला टिकतो. एक ओळ गा ना.

वहिनी : आधी वही आणा. ‘मंजुळ’ला कोण आहे?

नणंद : …दाराची घंटा.

वहिनी : खोडा. माझं नाव घाला.

नणंद : अगं, तू दोन्हीकडे आलीस तर पेपरात माझा घोटाळा…

वहिनी : पेननं. पेन्सिल नको.

नणंद : हे घे, घातलं. आता गा. साडेनऊ झाले.

(वहिनी गॅस बारीक करते, डोळे मिटते. एक आवाज.)

नणंद : कर्कश! आला, आला! कर्कश! बास वहिनी, थांब!

वहिनी : थांब काय? अगं, आत्ता तर तुझ्यासाठी नुसता घसा साफ केला. गाणं अजून सुरू व्हायचंय.