शिष्यवृत्ती हलत नाही

…आणि तरी लोक मलाच विचारतात, "हरेश्वर, कॉलेज का रे सोडलंस?" अहो, सोडलं कुठे, बदललं! पुण्याचं सोडून मुंबईचं धरलं, एवढंच! दहा वर्षं झाली स्वराज्य येऊन, अख्खा देश हलला, मीही हललो, पण तुम्हाला सांगतो, शिष्यवृत्ती काही हलली नाही!

म्हणजे बघा, आमचं घर थळच्या कोळीवाड्यात, पाण्याला चिकटून. जन्मापासून निजलो तो लाटांच्या आवाजात. आणि शिष्यवृत्ती मिळाली कुठे, तर पुण्याला! तिथे सगळं कसं गप्प… भरती कुठवर आली, ओहोटी लागली का, काही कळायचंच नाही. वर्गात प्राध्यापक सांगताहेत, "मागणी वाढली की…" आणि मी आपला उघड्या डोळ्यांनी तरंगत, तरंगत… कुठेतरी खांदेरीच्या बाजूला!

मग कुणीतरी म्हणालं, मुंबईत एका कॉलेजातून समुद्र दिसतो. दिवाळीनंतर गेलो बघायला. काय दिसत होता हो… दुपारचं ऊन, पाणी नुसतं चमचमतंय, लांब एक शीड हळूहळू चाललंय… पुण्याहून दाखला कधी काढला, इथे नाव कधी घातलं, मला काही आठवत नाही!

शुद्धीवर आणलं कारकुनांनी. पुण्याचा म्हणाला, "शिष्यवृत्ती आमच्या कॉलेजाची. तुम्ही गेलात, ती राहिली." मुंबईचा म्हणाला, "आमच्या जूनमध्येच वाटून झाल्या. तुम्ही उगवलात नोव्हेंबरात!" बा आमचा नाखवा, स्वतःच्या होडीचा मालक. त्याला समजेचना. "खलाशी या होरीवरशी त्या होरीवर गेला, तर त्याला तिथं वाटा भेटतो न्हाय? मग तुजा वाटा कुठं बुडला?" आता काय सांगू? मी हललो, शिष्यवृत्ती हलली नाही!

शेवटी मुंबईवाल्याला दया आली. "नादारीची एक जागा आहे, फी पूर्ण माफ. गरीब असल्याचा दाखला आणा मामलेदार कचेरीतून, शनिवारपर्यंत. नाहीतर नाव कमी."

आणला असता हो! पण कचेरीत जायचं म्हणून आईनं काय करावं? होतं नव्हतं ते सगळं सोनं अंगावर घातलं! "मोठ्या मान्सांत जायाचं, बोडक्या गल्यानं जाऊ?" आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून बानं घेतला रावस… हा एवढा, दोघांनी उचलायचा! मी म्हणतोय, "बा, आपण गरीब आहोत हे सांगायला चाललोय!" तर म्हणतो, "सांगू की, पन बेतानं."

कचेरीतल्या भाऊसाहेबांनी चष्म्यावरून आईकडे पाहिलं, मग रावसाकडे पाहिलं. "तुम्ही… नादार?"

झालं! बा उसळलाच. "नादार? कोन नादार? माजी होरी हाय! कुनाचं देनं न्हाय!" मी बाहेर पायरीवर बसून रडलो हो, खरंच सांगतो, लाज न धरता रडलो. वाऱ्यावर भरतीचा आवाज येत होता… रडता रडता डोळा लागला!

उठलो तेव्हा लेखी उत्तर तयार, शिक्क्यासकट: 'अर्जदार नादार नाही.' बानं त्या कागदाला काच बसवून घेतली, देवाशेजारी टांगलाय. येईल त्याला दाखवतो, "वाच, सरकारनं लिवलंय!" परवा तर तो कागद वाचून मला एक मुलगीसुद्धा सांगून आली. आणि मी? सरकारी शिक्क्याच्या श्रीमंताचा मुलगा… जाळं विणत बसलोय, फी भरायला पैसे नाहीत म्हणून!