खंडेनवमीचा ड्रायव्हर

काय सांगू, इथे ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीत आल्यापासून माझा एकही शनिवार माझा राहिलेला नाही. बॉस गोल्फला ओढून नेतो. म्हणून मी मुद्दाम सगळ्यात स्वस्तातला ड्रायव्हर घेतला, ती लांब फटक्याची मोठ्या डोक्याची काठी. म्हटलं, माझा खेळ बघून तोच कंटाळेल. कंटाळलो मीच.

यंदा खंडेनवमी नेमकी शनिवारी आली. ड्रायव्हर पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि बॉसला फोन केला. "आज आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्यांना हात लावायचा नसतो."

"नो वरीज, मेट!"

सुटलो म्हणून सोफ्यावर आडवा झालो, तर पंधरा मिनिटांत बेल. दारात बॉस, हातात त्याचा जुना ड्रायव्हर.

"हा घे. याची पूजा झालेली नाही."