चंद्र नसलेल्या ग्रहावरचा सोमवार

गणपतीत आमच्या कामतघरच्या मंडळाने परग्रहावरचं शोकांत नाटक केलं होतं, त्याचं सांगतो. लेखक आमचा महेश, गणिताच्या शिकवण्या घेणारा. मी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारा; नाटकात त्या ग्रहाचा राजा.

तालमीत मी त्यानेच लिहिलेलं वाक्य म्हटलं, "सोमवारी हल्ला करू."

महेश दचकला. "थांब. सोम म्हणजे चंद्र. या ग्रहाला चंद्रच नाही."

"मग पुढच्या महिन्यात करतो."

"महिनाही चंद्रावरूनच येतो."

"अरे, मग हल्ला करायचा कधी?"

त्याने डोकं धरलं. म्हणाला, "तू लूमवर जातोस ना? पुढच्या शिफ्टला, असं म्हण."

प्रयोगाला समोर सगळे लूमवालेच बसले होते. मी तलवार उपसून गरजलो, "पुढच्या शिफ्टला हल्ला करू."

माझ्याच कारखान्यातला अन्वर खालून म्हणाला, "भाई, दिन की या रात की?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "रात की. दिन में अपनी ड्युटी है."

लोक हसून लोळले. शोकांतिकेचं पार वाटोळं झालं. मी घाबरतच विंगेत गेलो, तर महेशने खरंच कॉलर धरली.

"रात्र कुठून काढलीस? तिथे दोन सूर्य आहेत, रात्र होतच नाही."